कडुलिंबाचे ओंडके

वैशाखातल्या वादळात आमच्या दुधनीच्या शेतातला कडुलिंब उन्मळला, तो नेमका ह्यांच्या समाधीजवळ पडला. एवढं रान मोकळं होतं, पण त्याला तिथंच पडायचं होतं. दोन दिवसांनी ह्यांना जाऊन वर्ष होणार होतं, आणि मठातले स्वामी येऊन समाधीवर दगड बसवणार होते. तोवर जागा मोकळी व्हायला हवी होती.

लाकूडतोड्यांनी झाडाचे ओंडके पाडून दिले आणि ते गेले. शेजारचा मल्लिकार्जुन आपला मोठा ट्रॅक्टर घेऊन बांधावर आला. म्हणाला, "एका दमात सगळं वडून टाकतो की."

"नको," मी म्हटलं.

आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात; तेही आडवं निजवून नाही, मांडी घालून बसवून. बसलेल्या माणसाच्या डोक्यावर माती फार नसते. मोठं चाक वरून गेलं तर काय होईल, हे मल्लिकार्जुनला सांगायची गरज नव्हती. त्याने ट्रॅक्टर गुमान मागे वळवला.

मग मीच आमचा छोटा ट्रॅक्टर काढला. डाळिंबाच्या ओळींतून फिरण्यापुरता तो. त्याला सीट एकच. शेतात जाताना हे सीटवर आणि मी मडगार्डवर. "जरा सरका की," मी रोज म्हणायची. "कुटं सरकू? खाली पडू काय?" हे रोज म्हणायचे. मला चालवायला ह्यांनीच शिकवलं, तेही सारखं खेकसत.

शहरातल्या भवानी पेठेतून माझा दीर महेश्वर मदतीला आला होता. दुकानात बसणारा माणूस, त्याला ना क्लच माहीत ना साखळी. तो मला अत्तिगे म्हणतो. आमच्याकडे वहिनीला तसंच म्हणतात. ओंडक्याला साखळी अडकवून तो बाजूला व्हायचा आणि मी ओढायची. साखळी आखूड ठेवली की ओंडक्याचं तोंड वर राहतं. लांब ठेवली की ते मातीत घुसतं आणि ट्रॅक्टर पुढून उठतो. हे सगळं मला येत होतं आणि मी करत होते. ऊन लागत नव्हतं, भूकही नव्हती.

वर्षभर असंच चाललं होतं. "चंद्रिका लई धीराची," बायका म्हणायच्या. कसला धीर! मला काही वाटतच नव्हतं. दात काढायला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते. हे गेले त्या दिवशीही खड्ड्याशी मी उभी होते म्हणे. आठवतं ते एवढंच, की कुणाच्या तरी चपलेला शेण लागलं होतं.

समाधीची खूण म्हणजे दगडांचा एक लहान ढीग. दर खेपेला मी त्याला लांबून वळसा घालत होते, बुंध्याच्या बाजूने. चाक ढिगाला शिवू दिलं नाही. मनात म्हटलं, बघा, सांभाळून चालवते की नाही.

शेवटचा ओंडका सगळ्यात जाड होता. तो ओढताना बुंधा आणि ढीग यांच्या मधोमध मागचं चाक एकदम खाली गेलं. हातभर माती आत बसली.

"अत्तिगे, थांबा!" महेश्वर धावत आला. "तितनं कशाला घातला?"

"ढिगापासून लांब आहे की."

"ढीग खड्ड्यावर हाय. दादाला खड्ड्यात कुटं बसवलंय? खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा काढला होता, झाडाच्या बाजूला. त्यात बसवलंय." त्याचा आवाज बारीक झाला. "तुमी तर उभ्या होता की तितं. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

मी इंजिन बंद केलं. सकाळपासूनची प्रत्येक खेप मी ह्यांच्या डोक्यावरून नेली होती. सगळ्या चाकोऱ्या तिथूनच गेल्या होत्या, एकावर एक.

महेश्वरने साखळी सोडली. मी ट्रॅक्टर हळू पुढे काढला, खाली उतरले आणि त्या खोलगट जागेशी गुडघ्यांवर बसले. हाताने माती आत ओढू लागले. महेश्वर खोरं घेऊन आला, त्याला मी हातानेच नको म्हटलं. माती भुसभुशीत होती, भरावी तशी आणखी खाली जात होती. माझे हात कोपरापर्यंत आत गेले आणि खाली हात हलवायला जागा पुरेना.

"जरा सरका की," मी म्हटलं.

आणि उत्तरासाठी थांबले. खरंच थांबले, रोजच्यासारखी. महेश्वर बघत होता. बांधापलीकडे मल्लिकार्जुनचा ट्रॅक्टर चालू होता.

उत्तर आलं नाही. हे गेले होते. ते मला तेव्हा कळलं, आणि मी तिथंच मातीत डोकं टेकून मोठ्याने रडले.