बुधीचं ताट

मित्रांनो, घरातलं स्टीलचं एखादं ताट उचला आणि त्याच्या काठावरून बोट फिरवा. कुठे खरखरीत लागलं, की समजा तिथं कुणाचं तरी नाव आहे. ते काम माझं, नाही तर माझ्या एखाद्या बहिणीचं. मी एक जुनी सुई आहे. शिवणाची नव्हे, त्या बिचाऱ्या दोरा ओढेल तिकडे जातात. मी भांड्यांवर नाव घालायच्या मशीनची सुई. मशीन नुसतं गुरगुरतं, बोलते मी. आणि मी एकदा बोलले, की ते खोडायला कुणाच्या बापाला जमत नाही.

शाळेची पायरी मी चढले नाही. लोक सांगत गेले, मी कोरत गेले, तेवढंच माझं शिक्षण. पण चिपळूणच्या भांड्यांच्या दुकानात निम्म्या तालुक्याची लग्नं माझ्या टोकाखालून गेली. आहेराच्या कळशीवर मामाचं नाव मोठं की आत्याचं, यावरून मांडवात रुसवे झालेत, आणि मी दोघांचीही अक्षरं सारख्या उंचीची काढून तोंडं बंद केलीत. मला चालवायचा तानाजी. दुकान बंद झालं तेव्हा मालक त्याला म्हणाला, "हिला तूच घेऊन जा. माझ्या हातात ही थरथरते." तानाजी ओमानला निघाला, तर मी मशीनसकट त्याच्या बॅगेत, बनियनमध्ये गुंडाळून.

रुस्ताकच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात तो कामाला लागला. मला बघून अर्बाब, म्हणजे तिथला मालक, आधी हसला. मग फरिदा नावाच्या बाई आल्या, त्यांना कॉफीच्या किटलीवर आईचं नाव हवं होतं. तानाजीनं कागदावरची अरबी वळणं निरखली, आणि अर्ध्या आयुष्यानंतर मी उजवीकडून डावीकडे चालायला शिकले. बाईंनी नावावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ ते तिथंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी अर्बाबनं मला दुकानाच्या पुढच्या टेबलावर बसवलं. तुमच्यापैकी किती जणांना दोन्ही बाजूंनी लिहिता येतं, ते मला सावकाश सांगा.

पुढे लेझरचं मशीन आलं. ना हात लागतो, ना आवाज होतो, अक्षर कसं छापील. मी खणात गेले. पेनांच्या टोपणांत आणि जुन्या चाव्यांत पडून राहिले, पण गंज काही चढू दिला नाही.

तिथून मला बाहेर काढलं यशवंतच्या फोननं. यशवंत मस्कतला इंजिनिअर, तिथल्या मराठी मंडळाचा प्रमुख. मंडळात प्रेमा नावाची नर्स होती, जव्हारकडच्या वारली पाड्यावरची. लहानपणी ती आणि तिची धाकटी बहीण आश्रमशाळेत राहायला गेल्या. बहिणीला ताप आला. घरी निरोप पोचेपर्यंत उशीर झाला होता. पाड्यापाड्यांवर अशी मुलं होती, ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. प्रेमाला तिकडे एक घर बांधायचं होतं. त्या शाळांतून परतलेली, आता मोठी झालेली माणसं तिथं बसतील, मनातलं बोलतील, आणि गेलेल्या मुलांच्या आठवणीत वर्षातून एकदा एकत्र जेवतील. मंडळानं मनापासून निधी उभा केला. जेवणासाठी ताटंही घेतली. लेझरच्या मशीनला मराठी अक्षरं येईनात, म्हणून तानाजीला बोलावणं आलं.

शुक्रवारी मस्कतच्या अल मवालेह भागात यशवंतच्या घरी ताटांची चळत लागली. आपल्या लोकांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. पंखा दिला तरी पात्यावर नाव, बाक दिलं तरी पाठीवर नाव. यशवंतनं सांगितलं, तानाजीनं धरलं, मी कोरलं: 'सप्रेम भेट', आणि खाली देणाऱ्याचं नाव. असं टपोरं अक्षर मी तरुणपणीही काढलं नव्हतं.

"माझ्यात 'इंजिनिअर' राहिलं," प्रेमानंद म्हणाला. तोही इंजिनिअर, आणि मंडळाचा खजिनदार.

"ताट आहे ते, व्हिजिटिंग कार्ड नाही," यशवंतची बायको सुलोचना स्वयंपाकघरातून म्हणाली.

तेवढ्यात प्रेमा ड्यूटीवरून तशीच आली. तिनं वरचं ताट उचललं, वाचलं. खालचं उचललं, वाचलं. मग चळतीशेजारी खाली बसली.

"यशवंतदादा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"मला काय झालंय?"

"आमच्या पाड्यावर मेलेल्या माणसांना जेवायला बोलावतात. एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची आणि वाढायचं. ही ताटं त्यांच्या नावांसाठी होती. यंदा तुम्हाला हाक मारू?"

मग प्रेमानंद तानाजीच्या कानाशी वाकला. "माझं तेवढं खोड रे. आत्ताच्या आत्ता."

"खोडता नाही येत, साहेब. हिचं बोलणं कायमचं असतं."

सुलोचना हसायला लागली. यशवंत मात्र हसला नाही. "प्रेमा, देणाऱ्याचं नाव कुठेच नसेल, तर पुढच्या वर्षी देणार कोण? घर अर्धं राहील."

प्रेमानं खांद्यावरच्या पिशवीतून एक पोचे आलेलं ताट काढलं. काठावर खिळ्यानं ठोकलेला आकडा होता. "हे माझ्या बहिणीचं. शाळेत ती हा नंबर. हजेरीत गुरुजींनी तिची सुनंदा केली. घरी ती बुधी, बुधवारी झालेली. नंबर पुकारला की ती उठायची. सुनंदा म्हटलं की मागे वळून बघायची, दुसरंच कुणी उभं आहे की काय. बुधी म्हटलं की पळत यायची."

"मग दोन्ही नावं घालू. कागदावर सुनंदा आहे ना," यशवंत म्हणाला.

"हजेरी नाही घ्यायची, दादा. जेवायला बोलवायचंय."

यशवंतच्या आजोबांनाही गावानं खरं नाव सोडून एक हिणवणारं नाव चिकटवलं होतं, ते त्या घरात आजही कुणी उच्चारत नाही. तो उठला, तानाजीसमोर मांडी घालून बसला आणि ते पोचे आलेलं ताट त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मी धरतो. हलू देणार नाही."

"नंबर घासून काढू का, ताई?" तानाजीनं विचारलं.

"राहू दे. शाळेनं काय दिलं, ते पण दिसू दे."

मी बुधी लिहिलं. दोनच अक्षरं. मित्रांनो, मी किटल्या कोरल्या, कळश्या कोरल्या, पण इतकी ताठ कधी चालले नव्हते. प्रेमानं त्यावरून बोट फिरवलं आणि हळूच हाक मारून पाहिली. ऐकणारे सगळे खाली बघू लागले.

सुलोचनानं नवी कोरी ताटं आणवली. प्रेमा पाड्यावर फोन लावून एकेका आईला विचारत होती, घरी काय म्हणायचात. मंगळी. सोम्या. शुक्री. काही आयांना आधी नाव सांगताच येईना. आम्ही थांबलो. तानाजीनं मशीन बंद केलं, म्हणजे पलीकडचं रडणं गुरगुरीत बुडायला नको.

"आणि आमची ताटं?" प्रेमानंदनं शेवटी विचारलं.

"तीपण नेऊ," प्रेमा म्हणाली. "जिवंत माणसांनाही ताट लागतंच. ज्याचं नाव, त्यानं त्या दिवशी यायचं आणि आमच्या पंगतीत बसायचं. नाही आला, तर हाक मारायची की नाही, ते आम्ही ठरवू."

प्रेमानंदनं तिथल्या तिथं सुट्टीचा अर्ज टाकला. घराचं उरलेलं काम कोण उचलणार, हा प्रश्न मग पुन्हा कुणी काढला नाही.

आता मी परत रुस्ताकला आहे, पुढच्या टेबलावर. लेझर शेजारी बसतं, बसू दे. मुलांनो, जुनं भांडं मोडीत देण्याआधी काठावर बोट फिरवा, आणि नाव लागलं तर एकदा मोठ्यानं वाचा. आणि तुमच्या वर्गात नवीन कुणी आलं, तर घरी तुला काय म्हणतात, ते त्याला विचारा. कोरायला मी आहे. विचारायला जीभ तुमचीच लागते.