स्तामेनाबाईंचा हजारी टोमॅटो

सुवा क्रुशित्सा गावात गेल्या वर्षीच्या टोमॅटो स्पर्धेत परीक्षकाची कॉलर धरली गेली होती. म्हणून यंदा ठरलं, निकाल मशीन देईल, माणसाने तोंड उघडायचं नाही. मशीन म्हणजे मिलुंकाचा लॅपटॉप. वाचनालयातल्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात तिच्याइतकं पुढे गावातलं कुणीच गेलं नव्हतं. खरं तर दुसरं कुणी त्या वर्गाला गेलंच नव्हतं.

जिंकणाऱ्या टोमॅटोचं बी गावभर वाटायचं आणि त्या वाणाला मालकाचं नाव द्यायचं, ही जुनी रीत. मिलुंकाच्या सासूबाई स्तामेना ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मरण्याआधी तेवढंच हवं होतं. "थडग्यावरचं नाव कोण वाचतो? टोमॅटो मात्र सगळे खातात," असं त्या म्हणत.

यंदा त्यांच्या एकटीचाच टोमॅटो हजार ग्रॅमच्या वर गेला. तराजूवर बसलेल्या ओब्रादने नेहमीच्या पद्धतीने, हजाराच्या आकड्यानंतर टिंब देऊन, वजन लिहिलं: १.२४०. शेजारच्या रादिवोयेचा भरला ९८५. मिलुंकाने आकडे जसेच्या तसे भरले आणि बटण दाबलं.

पडद्यावर सगळ्यांत वर रादिवोये. सगळ्यांत खाली सासूबाई.

"सूनबाई," स्तामेना म्हणाल्या, "हे मशीन माहेरून आणलंस का?"

मिलुंकाला चूक कळली. मशीन ते आकडे अक्षरांसारखे वाचत होतं, शब्दकोशात शब्द लावतात तसं. नऊ हा एकाच्या पुढचा, म्हणून रादिवोये मोठा. वर्गात सांगितलं होतं, तुलनेआधी मजकुराची संख्या करून घ्यावी. तिने तशी एक ओळ घातली आणि पुन्हा बटण दाबलं.

पुन्हा सासूबाई तळाला.

"दोनदा विचारलं, दोनदा तेच," रादिवोये खुर्चीत ऐसपैस बसला. "मशीनला नातीगोती नसतात, काकू."

"तुला तरी कुठे आहेत? सख्ख्या भावाशी बोलत नाहीस."

शेवटच्या नंबरचा टोमॅटो सगळ्यांच्या सॅलडमध्ये जातो, आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या यागोदाला वाट बघायची सवय नाही. कांदा आणि पांढरं चीज चिरून तयारच होतं. तिने टोमॅटो उचलून आत नेला. पुढ्यात ताटल्या आल्या आणि लोक निकाल विसरून खायला लागले.

मिलुंका पडद्यावर वाकून बघत राहिली. सासूबाईंच्या नावापुढे वजन होतं एक पूर्णांक चोवीस शतांश. म्हणजे मशीनने टिंबाला दशांशचिन्ह समजून टोमॅटोला दोन-तीन वाटाण्यांच्या वजनाचं ठरवलं होतं. आपल्याकडे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, हे त्या परक्या मशीनला सांगणार कोण? तिने आधी टिंब काढून टाकलं, मग उरलेल्या अंकांचा पूर्णांक केला, आणि मगच तुलना करायला लावली.

स्तामेना, १२४०. सगळ्यांत वर.

सभागृहात सगळ्यांचे काटे ताटल्यांवर थांबले. ओब्रादने घसा साफ केला. "टोमॅटो आणा. बी काढायचंय."

यागोदाने दारातून रिकामं पातेलं दाखवलं.

स्तामेना काठी टेकत उठल्या आणि रादिवोयेपुढे येऊन थांबल्या. त्याची दुसरी ताटली निम्मी झाली होती.

"कसा आहे रे?"

त्याने घास गिळला. दीड ताटली संपवल्यावर नाकारायचं तरी काय? "गोड आहे. साल पातळ आहे. माझा कधीच असा होत नाही."

"मग दातातलं बी काढ."

रादिवोयेने कागदी रुमाल तोंडाला लावला. बाकीचेही ताटल्यांच्या कडांवरून काट्याच्या टोकाने एकेक बी वेचून आपापल्या कागदी रुमालावर ठेवायला लागले. यागोदाने पातेलं निपटून मूठभर ओलं बी आणून दिलं. मिलुंका त्या रुमालांवर सासूबाईंचं नाव लिहू लागली.

स्तामेना तिच्या खांद्यावरून बघत होत्या. "कुठे टिंब देऊ नकोस," त्या म्हणाल्या.