सतरावं पुस्तक

विल्फ हॉल्डनला त्या यादीचा अगदी वीट आला होता. हॅलिफॅक्सच्या वाचक मंडळाची 'पंचवीस आवडत्या विज्ञानकथा' ही यादी तो सव्वीस वर्षं करत होता, आणि सव्वीस वर्षं दर ऑक्टोबरात माणसं त्याच मुद्द्यावर एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. मतं मोजली जायची, क्रमांक लागायचे, आणि मग पबच्या वरच्या खोलीत कुणीतरी ग्लास आपटायचं, "यात चेटकीण आहे! ही विज्ञानकथा कशी?" दुसरा म्हणायचा, "चेटकीण मंगळावरची आहे." मग दोघंही विल्फकडे बघायचे. विल्फ पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेला, भांडणाच्या वाऱ्याला उभा न राहणारा माणूस. पण असली कामं अशांच्याच गळ्यात पडतात.

त्याचा प्रश्न एकच असे. पुस्तकात जे नवल घडतं, त्याला कारण दिलंय का? दिलं असेल तर विज्ञानकथा, राहू दे. नसेल तर फँटसी, काढा.

यंदा सतराव्या क्रमांकावर बेरिलचं पुस्तक आलं. बेरिल म्हणजे विल्फची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी झाली, निवृत्त झाल्यावर तिनं एकुलती एक कादंबरी लिहिली, 'तळ्याखालचं गाव'. नऊ वर्षांपूर्वी तीनशे प्रती निघाल्या, त्यातल्या दोनशे अजून जिन्याखाली होत्या. यादीतली पुस्तकं वाचनालयात दाराजवळच्या टेबलावर महिनाभर मांडतात. तिथे आपलं पुस्तक एकदा दिसावं, एवढीच बेरिलची हौस. ती बोलून दाखवत नसे, पण नोव्हेंबरात त्या टेबलापाशी उगाच रेंगाळायची.

"तळ्यातून आवाज येतात म्हणे. पुढच्या शतकातल्या माणसांचे," मंडळाची चिटणीस ग्लेनिस म्हणाली. "कारण काय, विल्फ? आणि बायकोचं आहे म्हणून चष्मा बदलू नकोस हं."

"कारण नाही," विल्फ म्हणाला. "फँटसी. काढा."

"वा रे धर्मराजा! आज घरी जेवायला मिळणार का तुला?" ग्लेनिस म्हणाली, आणि सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं बेरिलला सांगितलं तेव्हा ती सफरचंदं सोलत होती.

"काढलंस?"

"कारण नव्हतं गं त्यात. बायकोला सूट दिली असती तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं."

"कारण दोनशे अकराव्या पानावर आहे," बेरिल म्हणाली. सुरी थांबली. "विल्फ, तू कुठपर्यंत वाचलंयस?"

खोटं बोलता आलं असतं. नऊ वर्षं तो तेच करत आला होता. पण आता खोटं रेटायचंही त्राण उरलं नव्हतं.

"चाळीस पानं."

"एका बैठकीत संपवलं म्हणाला होतास."

"त्यात तो नवरा आला ना. जेवताना पाण्याचे आकडे सांगत बसतो, बायको काय बोलतेय ते ऐकतच नाही. म्हटलं, हा तर मीच. पुढे वाचायचा धीर झाला नाही."

बेरिलनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती उठली, जिन्याखालची एक प्रत आणली, एप्रनला पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली. "वाच," म्हणाली, आणि पुन्हा सफरचंदांकडे वळली.

तो वाचत बसला. साठाव्या पानापर्यंत नवरा तसाच ठोंब्या होता. नव्वदाव्या पानावर बायको म्हणते, आज पाणी बोललं. आणि तो काटा खाली ठेवतो, विचारतो, काय म्हणालं? पुढची शंभर पानं तो रोज सकाळी तिच्याबरोबर थंडीत काठावर जाऊन उभा राहतो. त्याला काहीही ऐकू येत नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. दोनशे अकराव्या पानावर कारण त्यालाच सापडतं: पाण्याचा दाब, तळाचा खडक, आवाज काळात उलटा का वाहतो त्याचं गणित. गणित धाडसी होतं, पण आकडे सगळे बरोबर होते. ते आकडे बेरिलनं कधीतरी जेवताना विल्फलाच विचारले होते. त्यानं ते सांगितले होते, कशाला हवेत ते मात्र विचारलं नव्हतं. ते आठवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं ग्लेनिसला फोन लावला. "सतरावं परत घाल. कारण आहे. मी वाचलंच नव्हतं."

पलीकडून ग्लेनिस म्हणाली, "सव्वीस वर्षं, विल्फ! बाकीची तरी वाचली होतीस का?"

"बरीचशी," विल्फ म्हणाला आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघरात बेरिल पाठमोरी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पुस्तक यादीत आहे," तो म्हणाला. "कारण चोख आहे. पण एक जागा राहिलीय. तो नवरा. जन्मभर बायकोचं ऐकत नाही आणि नव्वदाव्या पानावर एकदम ऐकायला लागतो. का, ते तू कुठेच दिलं नाहीस. तेवढी फँटसी आहे, बेरिल."

ती वळली नाही. ओट्यावरची सालं तिनं हातानं एका बाजूला केली.

"खूप शोधलं रे कारण," ती म्हणाली. "मला सापडलं नाही."