मर्लचा गुडघा

रॉस्को पेल्कीने रायफल हातात घेतली, बोल्ट मागे ओढून आत बोट घातलं, काडतूस नसल्याची खात्री केली आणि ती विन्स्लो मास्तरांकडे दिली. मास्तरांनीही बोल्ट पुन्हा मागे ओढला आणि पुन्हा बोट घातलं. आत्ताच समोरच्याने पाहिलंय म्हणून आपण न पाहता घेतली, हे रॉस्कोच्या दुकानात चालत नसे. एका नव्या गिऱ्हाइकाने तसं केलं होतं, तर तो दुकानातून जाईपर्यंत त्याला कोणी कॉफी विचारली नाही.

"कुठं मिळाली म्हणालास?" मास्तरांनी विचारलं.

"मेहुण्याच्या माळ्यावर," मर्ल लाबाउंटी म्हणाला. हे वाक्य त्याने घरून येताना गाडीत तीनदा म्हणून पाहिलं होतं.

व्हरमाँटमधल्या हॅरो फॉल्स गावात शनिवारी सकाळी रॉस्कोच्या बंदुकांच्या दुकानात शेगडीभोवती चार खुर्च्या पडत आणि गप्पा रंगत. विषय दोनच. चांगली रायफल कोणती, आणि तशी आता का मिळत नाही. जर्मन चाप मऊ की फिनलंडची नळी बिनचूक, पोलिसांना मिळतं ते साध्या माणसाला दुकानात का मिळू नये, यावर डोनटचा अख्खा खोका संपे. पण शेवटी गाडी यायची ती टॅलमनवर. टॅलमनचा कारखाना याच गावात, नदीकाठी होता. तो बंद पडून पंधरा वर्षं झाली तरी त्याच्या रायफलींवरून होणारे वाद काही बंद पडले नव्हते.

त्या वादात विन्स्लो टटल यांचा शब्द शेवटचा. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला हा माणूस टॅलमनचा चिटोराही फेकत नसे. कंपनीचे सगळे कॅटलॉग त्यांना तोंडपाठ होते आणि संग्राहकांचं एक छोटं पत्रक ते दर तीन महिन्यांनी काढत. रॉस्को त्यांचा जुना विद्यार्थी, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राही. मास्तरांचं मत असं की टॅलमनची जुनी रायफल सरळ मारायची ती पोलादामुळे. स्वीडनहून येणारं पोलाद थांबलं आणि रायफल बिघडली.

मर्ल हे पंधरा वर्षं ऐकत आला होता. तेहेतीस वर्षं त्याने टॅलमनमध्ये नळ्या सरळ केल्या होत्या. भोक पाडून आलेली नळी कधीच पुरती सरळ नसते. उत्तरेच्या खिडकीसमोर बसायचं, नळी डोळ्याला लावायची, आत उजेडाची एक बारीक रेघ दिसते ती पाहायची. रेघ मोडली की नळी तिथे वाकडी. मग दाबयंत्राचं चाक हलकेच फिरवायचं आणि पुन्हा पाहायचं. दिवसाला साठ नळ्या. स्वीडनचं पोलाद काय आणि पिट्सबर्गचं काय, मर्लच्या बाकावर सारखंच वाकडं येत असे. पण हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मुळात तो अबोल. आणि कारखान्याच्या आठवणी निघाल्या की एक गोष्ट बाहेर पडेल, ही त्याला धास्ती.

ती गोष्ट आता मास्तरांच्या मांडीवर होती.

आणली नसती तरी चाललं असतं. पण ऑक्टोबरात डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय आणि तो वाढत जाणार. त्या दिवशी घरी येऊन मर्लने रायफल काढली, नळी खिडकीकडे धरली, तर आत नुसतं धुकं. रेघ दिसेना. ही नळी कंपनीच्या त्या बारा खास रायफलींच्या तोडीची आहे का, एवढंच त्याला आयुष्यात एकदा कोणाकडून तरी ऐकायचं होतं. आणि त्या बारांपैकी दोन रायफली स्वतः हाताळलेला माणूस पंचक्रोशीत एकच होता.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. चाप दाबून पाहिला, पुन्हा दाबला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "रॉस्को, हे टीम मॉडेल आहे."

रॉस्को हसला. "मास्तर, ते बाजारात कधी आलंच नाही."

"तेच म्हणतोय मी."

टीम मॉडेल म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नेमबाजांसाठी केलेल्या बारा रायफली. कॅटलॉगात नाही, दुकानात नाही. कामगारांना बाकीची प्रत्येक रायफल सवलतीत मिळे, ही मात्र मागूनही नाही. मास्तरांनी दोन स्क्रू काढून दस्ता वेगळा केला. नळीच्या खालच्या बाजूला नंबर नव्हता. रॉस्कोने लगेच सांगितलं की अडुसष्टच्या बंदूक कायद्याआधीची, पॉइंट टू-टू बोअरची आहे, नंबर नसला तरी चालतो, कोणी तुरुंगात जाणार नाही. मास्तरांचं तिकडे लक्षही नव्हतं. दस्त्याचं लाकूड कारखान्याचं नाही, कोणीतरी घरी घडवलेला दिसतो, पण हात चांगला होता, असं ते स्वतःशीच बोलत होते. मग त्यांनी खिशातला छोटा दिवा काढून नळीच्या एका टोकाला धरला आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावला.

मर्लने कप खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग रॉस्कोच्या हाती नळी दिली. रॉस्कोने पाहिली आणि हलकेच शीळ घातली. दुकानामागे पन्नास यार्डांचं मैदान होतं. रायफल पुन्हा जोडून दोघं कोट न घालताच बर्फात गेले आणि दहा मिनिटांनी कागदाचं लक्ष्य घेऊन आले. पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं, करंगळीचं टोक जाईल एवढं.

"मी त्या बारांतल्या दोन चालवल्यात," मास्तर म्हणाले. "त्यांच्याकडून हे झालं नव्हतं. ही त्यांच्याहून सरस आहे."

हे ऐकायला तो पस्तीस वर्षं थांबला होता. आता रायफल उचलावी, आभार मानावे आणि घरी जावं, एवढंच उरलं होतं. तो उठलाही असता.

पण मास्तरांनी वही उघडली. पत्रकाच्या पुढच्या अंकाचा मजकूरच त्यांना मिळाला होता. नोंदीत नसलेली तेरावी रायफल! ते लिहिता लिहिता बोलत होते. भेट दिलेली नसणार, भेटीच्या रायफलीवर नंबर आणि नाव असतं. म्हणजे सुट्या भागांत बाहेर गेली असणार. पण अठ्ठावीस इंची नळी काही खिशातून जात नाही. "गेटवाल्याने डोळेझाक केली, दुसरं काय. हाताशी धरला असणार त्याला."

म्हणाले आणि तिथेच थांबले. पण वेळ निघून गेली होती.

शेगडीजवळच्या खुर्चीत रॉस्कोचे वडील बसले होते. आर्मां पेल्की, वय चौऱ्याऐंशी. टॅलमनच्या गेटवर सव्वीस वर्षं त्यांची नोकरी झाली होती. या गप्पांत ते कधी पडत नसत. मुलाच्या दुकानात ऊब असते म्हणून येत आणि डोनट कॉफीत बुडवून खात. कंपनी बंद झाली तेव्हा मालकांनी दिलेला पितळी बिल्ला अजून त्यांच्या टोपीला होता.

"माझ्या गेटातनं एक स्क्रू बाहेर गेला नाही," ते म्हणाले.

मास्तर ओशाळले. तुमच्याबद्दल नव्हतं, दुसऱ्या पाळीचा कोणी असेल, असं काहीतरी पुटपुटले. पण दिवसपाळीला एकच गेट आणि गेटवर एकच माणूस, हे गावाला माहीत होतं. रॉस्कोही बापाकडे न बघता काउंटर पुसायला लागला. आर्मांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने, आणि मग कोणीच हो म्हणत नाही असं पाहून मर्लकडे वळले.

"मर्ल, तू तरी सांग यांना. तू रोज जायचास माझ्यासमोरनं."

मर्ल गप्प बसला असता तर पत्रकात म्हाताऱ्याची अब्रू गेली असती. बोलला तर म्हाताऱ्याचा शब्द खोटा पडणार होता. तो पाय ओढत उठला आणि आर्मांच्या समोर येऊन उभा राहिला.

"मेहुण्याची नाही ती. माझी आहे. मीच नेली."

आता त्याला सगळंच सांगावं लागलं. त्या बाराही रायफलींच्या नळ्या त्याने सरळ केल्या होत्या आणि त्यातली एकही त्याला कधी खांद्याला लावू दिली नव्हती. त्रेसष्टच्या जानेवारीत बाद मालाच्या पेटीत एक नळी पडली, इतकी वाकडी की फोरमनने हसून टाकून दिली होती. मर्लने दोन महिने जेवणाच्या सुट्टीत ती सरळ केली. मग एक दिवस पँटमध्ये घातली, मांडीला बांधली आणि गेटवर आला. पाय वाकेना, म्हणून सांगितलं की गुडघ्याला मार बसलाय.

"आठवतंय," आर्मां म्हणाले. "पडला होतास तू. पायऱ्यांवर."

"पडलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी नीट चाललो असतो तर तुला शंका आली असती. म्हणून लंगडलो. मग आठवडाभर लंगडलो. मग थांबायचं कधी तेच कळेना."

रॉस्कोच्या तोंडून हसू निसटलं आणि त्याने ते तसंच गिळलं. सगळ्या गावात लंगडा मर्ल म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस, त्याला गुडघ्याचं दुखणं नव्हतंच! मर्ल कारखाना बंद पडेपर्यंत, वीस वर्षं लंगडला. चर्चमध्ये एकदा विसरून तरातरा चालायला लागला, तर बायकोने, थीडाने, कोपर मारून आठवण करून दिली. ती बिचारी त्या कोपराच्या गुपितासकट वारली, कोणाला न सांगता. आणि वाकडं चालता चालता कंबर आणि गुडघा कधी खरेच झिजले ते मर्ललाही कळलं नाही. मार कधी लागला होता, असं डॉक्टर विचारतात तेव्हा त्याला उत्तर देता येत नाही.

आर्मां मात्र हसले नाहीत. ते काहीतरी आठवत होते. नळ्यांच्या खात्यापासून खाली गेटापर्यंत अठरा दगडी पायऱ्या होत्या. हिवाळ्यात त्यांवर बर्फ गोठे.

"तुझा डबा मी खाली आणायचो," ते म्हणाले. "तुला कठडा धरायला दोन्ही हात लागायचे म्हणून."

"हो."

"त्यात काय असायचं?"

मर्लला हेच सांगायचं नव्हतं. "एकदा बोल्ट होता. एकदा चाप. वसंतापर्यंत सगळं झालं." मग घाईघाईने म्हणाला, "बाद मालच होता सगळा, वितळवायलाच जाणार होता." आणि हे बोलल्याची त्याला लगेच लाज वाटली.

"म्हणजे मीच आणून दिलं," आर्मां म्हणाले.

ते उठले. टोपी काढून हातात घेतली, बिल्ल्याकडे पाहिलं, आणि ती काउंटरवर ठेवून उघड्या डोक्यानेच मागच्या दाराने बाहेर गेले. रॉस्को त्यांच्यामागे निघाला, पण मास्तरांनी त्याला हाताने थांबवलं.

मास्तरांनी वहीतलं पान फाडलं आणि घडी घालून खिशात टाकलं. हे छापणार नाही, एवढंच म्हणाले. पण कुतूहल त्यांना स्वस्थ बसू देईना. रायफल मर्लच्या हाती देताना त्यांनी विचारलंच, "ही नळी. फोरमनने टाकून दिलेली. तूच सरळ केलीस, नुसत्या डोळ्यानं?"

"हो."

"म्हणजे पोलाद नव्हे."

"नाही."

पंधरा वर्षांचा वाद असा एका शब्दात संपला. एरवी मर्लने तो शब्द मनात घोळवत घरी नेला असता. आता त्याचं लक्ष मागच्या दाराकडे होतं, आणि ते दार काही उघडलं नाही. बोल्ट मागे ओढून त्याने आत बोट घातलं, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी बोटाला कळत होतं. रायफल खोळीत घातली, कोट चढवला आणि तो पुढच्या दाराने निघाला. आता शनिवारी इथे येणं नाही, हे त्याने मनाशी धरलंच होतं.

दुकानाच्या पुढे पाच पायऱ्या होत्या. सकाळी वितळलेलं बर्फ आता पुन्हा गोठून चकाकत होतं. मर्लला ते नीट दिसलं नाही. त्याला दिसला तो पायऱ्यांवर वाकलेला एक पाठमोरा माणूस. आर्मां दुकानाला वळसा घालून पुढे आले होते. हातात शेगडीच्या राखेची बादली होती, आणि पाय घसरू नये म्हणून ते मूठमूठ राख पायरीपायरीवर टाकत होते, वरून खाली, जसे त्या अठरा पायऱ्यांवर पाळीचा भोंगा व्हायच्या आधी टाकायचे. त्यांचे पांढरे केस वाऱ्याने विस्कटले होते.

मर्ल वरच्या पायरीवर उभा राहिला. रायफल दोन्ही हातांत असल्यामुळे कठडाही धरता येईना.

आर्मां शेवटच्या पायरीवर पोचले. बादली खाली ठेवली. वर पाहिलं नाही.

"उजवीकडनं ये," ते म्हणाले. "डावीकडं अजून निसरडं आहे."

मर्ल उजवीकडून, पाय ओढत, एकेक पायरी उतरायला लागला. तीन पायऱ्या उरल्या तेव्हा आर्मांनी हात पुढे केला आणि त्याच्याकडून खोळ घेतली.