धुतलेल्या तुळया

अरे, असा लांब का बसलास? ये, या चटईवर जवळ सरक. कीर्तनात बुवा निरूपण थांबवून मध्येच एक आख्यान लावतात ना, तसं एक सांगतो. यातला अपराधी मीच आहे, त्यामुळे पदरचं काही घालायची गरज नाही.

सांगलीत कृष्णेच्या काठाजवळ हळदीच्या एका व्यापाऱ्याचं दीडशे वर्षांचं घर आहे. मी आणि माझी बायको सुलाबाई पस्तीस वर्षं तिथं राखणीला आहोत. दर चैत्रात तिथल्या दिवाणखान्यात नऊ दिवस कीर्तन व्हायचं. मी एकही चुकवलं नाही.

यंदा मालकीणबाई संयोगिताताईंनी घर दुरुस्तीला काढलं. इंजिनिअर अंकिता, वयानं पोरगीच, आणि स्वतःच्या जबाबदारीवरचं तिचं हे पहिलं काम. दुरुस्ती म्हटली की आधी मोडणं आलंच. सिमेंटचा गिलावा खरवडला, मागाहून घातलेल्या भिंती काढल्या, आणि दिवाणखान्याच्या छताच्या चौदा सागवानी तुळया खाली घेतल्या. ते काम जाफर मिस्त्रीचं. कुणी "पाडताय व्हय?" म्हटलं की तो चिडायचा. "पाडायला जेसीबी पुरंल की रं! आमी उतरवतोय."

प्रत्येक तुळईचं टोक हातानं तासलेलं, भिंतीतल्या आपल्याच खोबणीत बसणारं. म्हणून त्यानं एकेकीवर खडूनं आकडा घातला होता.

मग खंडेनवमी आली. गड्यांनी पहारी, हातोडे धुऊन पुजले. माझ्या मनात आलं, हत्यारांना हळदकुंकू आणि इतकी वर्षं हरिनाम ऐकलेल्या तुळया धुळीत? पाइप लावला, काथ्यानं घासून चौदाही लख्ख धुतल्या. हळदकुंकू वाहिलं, पाया पडलो. लय समाधान वाटलं बघ.

दसरा झाल्यावर जाफर कामावर आला आणि तुळयांपाशी थबकला.

"नाथाजीमामा, आकडे कुठं गेले?"

"कसले आकडे?" म्हणालो, आणि म्हणता म्हणताच तो काथ्या आठवला.

अंकितानं मोबाइलमधले तुळया उतरवण्याआधीचे फोटो उघडले. पण ते लांबून, अंधुक उजेडात घेतलेले; त्यात सगळ्या तुळया काळ्याच, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. पोरीचे डोळे भरले. एक तुळई वर नेऊन बघायची तर सहा माणसं आणि अर्धा दिवस. अशी अदलाबदल करत बसलं तर महिने जाणार. आणि ताईंनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत छत उभं राहिलं नाही तर सरळ स्लॅब टाकायचा.

तेव्हा मला एक कबूल करावं लागलं. निरूपण लांबलं की माझी नजर छताला लागायची. मी खांबाजवळच्या माझ्या जागेवर जाऊन मांडी घातली आणि वरच्या रिकाम्या जागेकडं बघत सांगू लागलो. "कडीवाली दारापासनं तिसरी. गाठीत उंदराचं तोंड दिसतंय ती पाचवी."

जाफर हसायला लागला. "म्हंजे पस्तीस वर्षं कीर्तन ऐकत न्हवता, उंदीर बघत हुता!"

नऊ सांगितल्या आणि अडलो. पलीकडच्या पाच काही केल्या आठवेनात. सुलाबाई दारात तांदूळ निवडत होती.

"आठवतील कशा? त्या बायकांच्या डोक्यावर हुत्या. तिकडं बघितलं असतं तर मी डोळं काढलं असतं तुमचं."

सूप बाजूला ठेवून ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली. "ही चीर पडलेली, भिंतीकडची. तिच्या शेजारी ती वाकडी..." पाचही सांगितल्या.

"म्हंजे तुजंबी ध्यान न्हवतं की गं!"

"आवं, मांडीवर पोर झोपलेलं असायचं. हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई. मान तेवढी मोकळी."

अंकिता रडता रडता हसली. जाफरनं पुन्हा आकडे घातले, या खेपेला तैलरंगानं. माझ्या दोन तुळया उलटसुलट निघाल्या. तिच्या पाचही बिनचूक बसल्या. वसुबारसेला छत उभं होतं. स्लॅबचं नाव कुणी काढलं नाही.

आता घर बघायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "नाथाजीनं तुळया ओळखल्या." मी नुसता हसतो, पण बरं वाटत नाही. तू ही गोष्ट कुठं सांगितलीस तर चूक माझी म्हणून सांग. आणि त्या पाच तुळयांपाशी आलास की मांडीवर पोर घेऊन, मान वर करून बसलेल्या माझ्या सुलाबाईची तेवढी आठवण ठेव.