तलवारीने घायाळ झालेली हार्ड डिस्क

मी रघुनाथरावांची हार्ड डिस्क बोलतेय. म्हणजे, तिच्यातली जी काही उरली आहे ती. तलवारीने घायाळ झालेली मी ग्वाल्हेरातली बहुधा पहिलीच हार्ड डिस्क असेन. याचा अभिमान बाळगावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कण दिसला तरी माणसं हवालदिल व्हायची. तिथून मी थेट ग्वाल्हेरच्या माधवगंजात आले, जिथे सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पुन्हा पुसावं लागतं. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या गरागरा फिरतात आणि एक बारीक हात त्यांना न टेकता त्यांच्यावरचं सगळं वाचतो. तो हात टेकला, की आटोपलं.

रघुनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले. त्या शौर्याच्या दोनच खुणा घरात उरल्या आहेत, एक तलवार आणि रघुनाथरावांच्या मिशा.

माणूस मात्र सावध. बॅकअप पाहिजे, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी सगळ्या फाइलींची नक्कल करून ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर केलं. मग ‘बॅकअप नवा’. मग ‘बॅकअप एकदम नवा’. शेवटी ‘बॅकअप, हात लावू नये’. ही चारही फोल्डरं त्यांनी ठेवली माझ्याच पोटात. मी ओरडून सांगत होते, पण माझं ओरडणं म्हणजे एक निळा दिवा. तो लुकलुकला की ते म्हणत, “बघ, कशी मजेत आहे!”

माझ्याकडे सगळ्यात मोलाची गोष्ट होती ती एका नाटकाचं चित्रीकरण. अडतीस वर्षांपूर्वी गणेशोत्सवात दौलतगंजातल्या मंडळाने ते नाटक केलं होतं आणि रघुनाथराव त्यात सेनापती होते. पळणाऱ्या सैन्याला थोपवताना सेनापतीने म्हणायचं होतं, “मागे फिरू नका!” रघुनाथराव म्हणाले, “अहो, मागे फिरू नका!” त्या ‘अहो’वर मांडव टाळ्यांनी दणाणला. शिपायांनाही अहो-जाहो करणारा सेनापती लोकांनी कधी पाहिला नव्हता. तेव्हापासून मंडळात त्यांचं नावच पडलं, ‘अहो सेनापती’. ते ‘अहो’ आपल्याला आयत्या वेळी कसं सुचलं, हे रघुनाथराव प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत आणि दोन वेळा तर तेराव्यालाही सांगत.

त्या नाटकाची व्हिडिओ कॅसेट बुरशी लागून जायला आली, तेव्हा त्यांनी ती माझ्यात उतरवून घेतली आणि कॅसेट टाकून दिली. मग खोलीत एकट्याने पाहिली. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. लगेच त्यांनी ती फाइल ‘पाटबंधारे, जुनी परिपत्रकं’ या फोल्डरमध्ये दडवली. त्या वाटेला कोण जाणार? दडवण्याचं कारण मला ठाऊक होतं, पण धन्याचं गुपित मी फोडत नाही.

इकडे त्यांच्या पत्नीने, सुधाताईंनी, मंडळात परस्पर कबूल करून टाकलं की यंदा कोजागिरीला दूध आटेपर्यंत सगळ्यांना ते नाटक दाखवायचं. त्यांना नवऱ्याचं तरुणपण पुन्हा एकदा बघायचं होतं. रघुनाथराव हो-हो म्हणत राहिले आणि रात्रंदिवस पोट दुखल्यासारखे फिरत राहिले.

मग आली खंडेनवमी. पाटावर तलवार, विळी, स्क्रू पिळायचा पेचकस, लॅपटॉप आणि मी. मला त्यांनी मुद्दाम चालू ठेवलं होतं. “बंद शस्त्राची पूजा कोण करतं?” असं त्यांचं म्हणणं. हळद झाली, कुंकू झालं, झेंडूचं फूल डोक्यावर आलं. मला फार थोर वाटत होतं. तेवढ्यात नमस्कार करताना रघुनाथरावांचं कपाळ भिंतीला टेकवलेल्या तलवारीला लागलं आणि ती मुठीकडून माझ्यावर आदळली. तीन पिढ्यांत त्या तलवारीने माशीसुद्धा मारली नव्हती. तिने पहिला वार केला तो घरच्याच माणसावर.

माझा हात तबकडीला टेकला. टक्. टक्. टक्.

“अहो, हे काय झालं!” सुधाताई ओरडल्या.

रघुनाथरावांनी हळहळ व्यक्त केली. माझ्या मते जरा लवकरच आवरती घेतली.

शेजारचे संभाजीराव धावत आले. “वहिनी, फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या साडूच्या मित्राची अशीच चालू झाली होती.” मग मी एक दिवस मटारांच्या पिशवीखाली काढला. बाहेर काढलं तेव्हा मला घाम सुटला होता, आणि त्यांनी मला तसंच पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. दर टक्‌ला माझ्या अंगावर एक नवा ओरखडा.

शेवटी सुधाताईंनी मला रुमालात गुंडाळलं आणि रघुनाथरावांसह किला गेटजवळच्या अंतराच्या दुकानात नेलं. ही मुलगी बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देते. तिने मला कानाशी धरलं आणि फ्रीजरची हकिकत ऐकून डोळे मोठे केले.

“काका, फ्रीजरमध्ये क्यों ठेवलं? आइसक्रीम थोडीच आहे ही! आता बिलकुल लावायची नाही. बॅकअप आहे?”

“आहे की!” रघुनाथराव ताठ झाले. “चार आहेत.”

“कुठे?”

“हिच्यातच.”

अंतराने डोक्याला हात लावला. “काका, घराच्या चार चाव्या बनवल्या आणि चारही घरातच ठेवून कुलूप लावलं, असं झालं हे.”

मग तिने समजावून सांगितलं. माझ्यासारखीच दुसरी डिस्क शोधायची, तिचा हात काढून मला बसवायचा, आणि तो टिकेल तेवढ्यात सगळं उतरवून घ्यायचं. “चान्स एकच आहे. कोशिश करते, गॅरंटी नाही.”

सुधाताई पायऱ्या उतरू लागल्या तसे रघुनाथराव मागे रेंगाळले. “बेटा,” ते कुजबुजले, “नाही निघालं तरी चालेल हं.”

तीन दिवसांनी काचेच्या पेटीत, हातमोजे घालून अंतराने मला उघडलं. नवा हात बसला. मी फिरले. जगात सगळ्यात अवघड काम कोणतं असेल तर दुखऱ्या अंगाने, उसन्या हाताने, एकही टक् न करता फिरणं. धन्याला वाचवावं की सुधाताईंना त्यांचं नाटक द्यावं? पण आम्हा डिस्कांचा धर्म एकच, ठेवायला दिलेलं परत देणं. मी दिलं. शेवटची फाइल गेली आणि तो हात तुटला.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दोघं दुकानात आली. अंतराने नाटक लावलं.

पडद्यावर तरुण रघुनाथराव, हातात तीच तलवार, आणि तोंडातून शब्द नाही. सगळं विसरलेले. ते विंगेकडे वळले. कॅमेरा विंगेजवळच होता, त्यामुळे आतून संवाद सांगणारा बायकी आवाज स्वच्छ ऐकू आला, “मागे फिरू नका!” त्यांना कळलं नाही. ते आणखी मागे फिरले. आतला आवाज रडकुंडीला आला, “अहो, मागे फिरू नका!”

सेनापती गर्रकन वळले, छाती काढली आणि गरजले, “अहो, मागे फिरू नका!”

टाळ्या. पुढच्या तीन पानी भाषणाचं प्रत्येक वाक्य दोनदा, आधी विंगेतून सुधाताई, मग सेनापती.

“काकू, पूरा डायलॉग तुमचाच!” अंतरा खो-खो हसली.

रघुनाथराव चपलांकडे बघत म्हणाले, “तुला आठवत होतं?”

“मीच बोलत होते ना.”

“मग अडतीस वर्षं गप्प का राहिलीस?”

“तुम्ही इतकं रंगवून सांगायचात.” सुधाताईंनी पदर डोळ्यांना लावला. “लग्नाला तीन महिने झाले होते. तुम्हाला अहो म्हणायचीही लाज वाटायची मला. त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, आणि तुम्ही ते अख्ख्या गावाला ऐकवलंत.”

रघुनाथरावांनी चपलांवरची नजर उचलली. त्यांनी बायकोचा हात धरला. कोजागिरीला मात्र स्वतः उभे राहून त्यांनी सांगितलं, की ‘अहो’ माझं नव्हे, हिचं.

आता नाटकाची एक प्रत घरी आहे आणि दुसरी त्यांच्या नातीकडे, रुचिकाकडे, भोपाळला. माझी एक तबकडी खिडकीत टांगली आहे. रघुनाथराव तिच्यात बघून मिशा कातरतात, आणि माझा ओरखडा बरोबर त्यांच्या डाव्या मिशीवर येतो.

त्यांच्यामागे विंगेत कुणीतरी उभं होतं. माझ्यामागे कुणी नव्हतं. तुमच्या डिस्कमागे कुणी आहे का, एवढं आजच बघा. अहो, तुम्हालाच म्हणतेय!