डाव्या दाराचे घर

मित्रांनो, मी एक जुनी कॅराव्हॅन आहे. मोटारीला मागून जोडायचे आणि ओढत न्यायचे, असे दोन चाकांचे घर. मला स्वतःचे इंजिन नाही. कोणी नेईल तिकडे जायचे आणि कोणी सोडेल तिथे उभे राहायचे, एवढेच माझ्या नशिबी.

माझा जन्म इंग्लंडमध्ये, हल शहराजवळच्या एका कारखान्यात झाला. बाहेरून पत्र्याची कातडी, आत लाकडी कपाटे, दोन शेगड्या, आणि ओढली की पलंग होणारी बाके. कारागिराने माझे दार डाव्या कुशीत बसवले. तिथे सगळ्यांचेच दार डावीकडे असते. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे कुठेही थांबले तरी दार गवताकडे उघडते. याचा कोणी विचार करत नाही. श्वास घेण्याचा तरी कोण करतो?

कॉलिन आणि हेदर यांनी मला लग्नाच्या वर्षी घेतले. कॉलिन नळदुरुस्तीची कामे करी, हेदर गावातल्या ग्रंथालयात होती. तिने मला पिवळे पडदे शिवले. समुद्रकाठी कॅराव्हॅन उभ्या करायच्या तळांवर शेजारच्या बायका ते पडदे बोट लावून बघत आणि मी फुशारून जाई. पुढे त्यांना मुलगी झाली, पिपा. पहिल्या उन्हाळ्यात ती माझ्या खालच्या खणात झोपली. खण काढून बाकावर ठेवलेला, त्यात घडी घातलेली दुलई. हेदर रात्रभर एक हात त्या खणात ठेवून पडायची.

हेदरचा स्वभावच तसा. निघण्यापूर्वी ती गॅसची नळी हुंगे, चाकांच्या नटांना हात लावून बघे, मोटारीला अडकवलेला आकडा दोनदा हलवे. कॉलिन हसे. "कधी बोटीने गेलो तर हिच्या काळजीचं वेगळं तिकीट काढावं लागेल," असे तो लोकांना सांगे. लोकही हसत. हेदरही हसे, आणि मग पुन्हा जाऊन आकडा हलवून येई.

त्यांची एक रीत होती. प्रवासात कुठेही रस्त्याकडेला थांबायचे, माझ्यात शिरायचे आणि चहाचे आधण ठेवायचे. चहा झाला की पिपा दार ढकलून पायरीवरून गवतात उडी घेई. तिच्या मागे तिचे बूट हातात घेऊन हेदर. दार, पायरी, गवत. वर्षानुवर्षे हेच.

पिपा पाच वर्षांची झाली तेव्हा कॉलिनने फ्रान्सचा हट्ट धरला. हेदर बरीच वर्षे टाळत होती. शेवटी ती म्हणाली, जाऊ, पण तयारीनिशी. तळावरच्या अनुभवी म्हाताऱ्यांनी भरपूर सल्ले दिले. तिकडे उजव्या बाजूने चालवा, समोरच्याच्या डोळ्यांत झोत जाऊ नये म्हणून दिव्यांवर पट्ट्या लावा, लांब आरसे बसवा. हेदरने सगळे केले. दाराबद्दल मात्र कोणी बोलले नाही.

बोटीच्या पोटात मला साखळदंडांनी बांधले होते. तेलाचा वास, काळोख, आणि लोखंडाच्या पलीकडे समुद्र. मला भीती वाटली आणि आनंदही झाला. इतकी वर्षे आपल्याच बेटावर फिरले, आता दुसरी भूमी बघायला मिळणार होती.

बंदरातून बाहेर पडल्यावर कॉलिन सावकाश, उजव्या कडेने चालला. दोन्ही बाजूंना गव्हाची शेते आणि त्यांत तांबडी फुले. घसा कोरडा पडल्यावर त्याने नेहमीप्रमाणे कडेला गाडी घेतली. हेदर उतरून मागे आली आणि थबकली.

"कॉलिन, दार रस्त्याकडे आलंय."

"आलं तर आलं. दोन मिनिटांचा चहा."

"पुढे थांबायची जागा असेल. चल ना, पुढे जाऊ."

"अगं, एवढा समुद्र ओलांडून आलो, एक कप चहा पिऊ दे की. तू आहेस ना लक्ष ठेवायला."

दोनदा तिने पुन्हा म्हटले. मग स्वतः रस्त्याकडे पाठ करून, हात पसरून उभी राहिली आणि पिपाला आत चढवले. दाराला हात लावायचा नाही, असे तिच्याकडून वदवून घेतले. चहा झाल्यावर आधी स्वतः उतरली, दोन्हीकडे बघितले, मग पिपाला कडेवर उचलून मला वळसा घालून पलीकडच्या गवतात नेऊन सोडले. कॉलिनला तिथे उभे केले. मग कप विसळायला परत आत आली. मित्रांनो, यापेक्षा जास्त काळजी कोण घेईल?

तेवढ्यात गवतातून पिपाची किंकाळी आली.

हेदरने कप टाकला आणि धावली. जीव घाबरला की माणूस विचार करत नाही, पाय सवयीने जातात. दार, पायरी. पुढे गवत नव्हते.

माझी पायरी एकदम हलकी झाली. मागून आलेल्या ट्रकने तिला नेले आणि माझे दारही वाकवून नेले. ट्रकवाला रस्त्यातच गुडघ्यांवर बसला आणि आपल्या भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

पिपाच्या हाताला खाजरा पाला लागला होता. मनगटावर चार फोड उठले होते, संध्याकाळपर्यंत तेही गेले.

कॉलिनची आई मॉरीन विमानाने आली आणि पिपाला घेऊन गेली. मी तुटक्या दाराची, दोरीने बांधलेली, कॉलिनच्या मागे परत बोटीत शिरले. पलीकडची ती भूमी मी तेवढीच पाहिली.

तेव्हापासून मी घराच्या बाजूला, गॅरेजच्या भिंतीला खेटून उभी आहे. टायर बसले आहेत, पडद्यांवर बुरशी चढली आहे. एका हिवाळ्यात कॉलिन अवजारे घेऊन आला. त्याने आधी आतून उजव्या बाजूला नवे दार कापले, मग बाहेर येऊन माझे डावे दार पत्रा ठोकून बंद केले. सुबक काम केले, नव्या बिजागऱ्यांना तेलही घातले. ते नवे दार वीतभर उघडते आणि भिंतीला लागते. मॉरीन छत्री घेऊन त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. "आता कशाला रे, बाळा?" तिने विचारले. तो स्क्रू पिळत राहिला.

पिपा माझ्याकडे येत नाही. एकदा ती अंगणात सायकलवरून पडली. गुडघा सोलून निघाला, रक्त मोज्यापर्यंत आले. मी खिडकीतून बघत होते. तिने दोन्ही ओठ दातांखाली धरले आणि तोंडातून ब्र काढला नाही. काही लागले की ती आता असेच करते. तिला वाटते, त्या दिवशी आपण ओरडलो म्हणून झाले. तिचा हा समज काढणारी एकच व्यक्ती होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी 'काळजी घ्या' असे सांगतात. मी ते कोणत्या तोंडाने सांगू? हेदरने घेतली होती. माझे एवढेच मागणे आहे, की घरातली काळजी एकाच माणसाच्या अंगावर टाकू नका. कोणी दोनदा, तीनदा 'पुढे चल' म्हणाले तर हसू नका. चहा राहू द्या. गाडी पुढे घ्या.